भरतसाठी शिवलेली बदली

निर्मला आणे गावाकडच्या पठारावरची. तिकडे उन्हाळ्यात पाणी टँकरनं गावात यायचं आणि बायांच्या डोक्यावरून घरात जायचं. त्यामुळे घोडनदीच्या बागायती पट्ट्यातलं स्थळ आलं आणि दाराजवळून कालवा वाहतो असं कळलं, तेव्हा तिच्या बापानं पुढचं फारसं विचारलंच नाही. मध्यस्थ म्हणाला होता, "मुलगा मंचरला धंदा करतो." धंदा कसला, ते ती नांदायला आल्यावर कळलं. भरत हिंगे ताडपत्र्या शिवायचा. कांदा-बटाट्याच्या बाजारासमोर, नाशिक रोडला लागून त्याचं पत्र्याचं शेड होतं. ट्रकवाले फाटक्या ताडपत्र्या आणून टाकायचे आणि हा जमिनीवर मांडी घालून त्यांना ठिगळं लावायचा. मशीन जड, सुई जाड, आणि दोऱ्याला मेण चोळून चोळून दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडलेले.

निर्मलाला त्याचं वाईट वाटलं नाही. माणूस बोलायला मोकळा होता, दारूला शिवत नव्हता. सासूला, साळुबाईला, ती आत्या म्हणायची. साळुबाई तोंडानं फटकळ, पण गोधडी-वाकळ शिवावी तर तिनंच, असं आसपासच्या मळ्यांतल्या बायाही कबूल करायच्या. वृषाली झाली, शाळेत जाऊ लागली. चारचौघांचं चालतं तसं बरं चाललं होतं.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला. लोकांनी बराखीत साठवलेला कांदा घाईघाईनं बाहेर काढला, बाजारात ट्रकांची रांग लागली आणि भरतला जेवायला सवड उरली नाही. एका भरलेल्या ट्रकवरची ताडपत्री मधोमध फाटली होती. ती जागेवरच सांधायची म्हणून तो दाभण तोंडात धरून वर चढला. खालून ड्रायव्हर घाई करत होता. सांधून झालं, दोर आवळला आणि उतरताना ओल्या ताडपत्रीवरून त्याचा पाय सटकला. तो पाठीवर पडला, तेही शेजारच्या ट्रकच्या उघड्या फाळक्यावर.

निर्मला पोचली तेव्हा तो शुद्धीवर होता.

"माझं पाय कुठंयत?" एवढंच त्यानं विचारलं. पाय तिच्यासमोर होते. तिनं त्यांवर हात ठेवला. त्याला ते कळलं नाही.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निर्मलाला बाजूला घेऊन सांगितलं, की कमरेखाली आता काही कळणार नाही, चालणं होणार नाही आणि लघवी-संडासवर ताबा राहणार नाही. यातलं शेवटचं ते आवाज उतरवून बोलले. घरी आल्यावर तेच सगळ्यांत मोठं ठरलं.

आधी लघवीला नळी होती. ती दोनदा तुंबली, दोन्ही वेळा हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा मंचरच्या सरकारी दवाखान्यातल्या बोऱ्हाडे सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून ती काढली. "आता डायपर वापरा," त्या म्हणाल्या. निर्मलानं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मेडिकलवाल्यानं पाकीट पुण्याहून मागवून दिलं. साळुबाईनं त्यातला एक हातात घेऊन उलटसुलट केला.

"कागदाची लंगोटी," ती म्हणाली. "एवढ्या थोराड माणसाला." मग पदर तोंडाशी धरून ती मागच्या दारी निघून गेली.

पाकीट महाग होतं आणि बघता बघता संपायचं. म्हणून निर्मला सकाळचा डायपर दुपारपर्यंत ठेवायची आणि दुपारचा रात्रीपर्यंत. भरतला खाली काहीच कळत नव्हतं, तिथंच घात झाला. एके दिवशी त्याला कुशीवर करताना तिला कुजका वास आला. माकडहाडावर सुपारीएवढा काळा डाग पडलेला. आठवडाभरात त्याचा खड्डा झाला. सिस्टर घरी येऊन बघून गेल्या. त्या रागावल्या नाहीत. जखम कशी धुवायची, पट्टी कशी बदलायची हे त्यांनी स्वतः करून दाखवलं आणि म्हणाल्या, "ओलं अंग प्लास्टिकात कोंडलं की कातडी मऊ पडते, निर्मलाताई. लवकर बदलत जा. आणि दर दोन तासांनी कूस."

दुसरी गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. हे वापरलेलं टाकायचं कुठं? जाळून बघितलं, तर प्लास्टिक वितळून काळा धूर झाला आणि आतला ओला लगदा तसाच राहिला. उकिरड्यावर टाकलं तर तो उकिरडा शेतात जाणार. शेवटी ती गोठ्यामागं खड्डा करून पुरू लागली. वस्तीवरची कुत्री रात्री ते उकरून काढायची. सकाळी उठून बांधावरच्या बाभळीत अडकलेले पांढरे तुकडे ती कुणी बघायच्या आत गोळा करायची. आणि रोजच कुणाच्या आधी उठणं कुणाला जमतं?

चैत्रात गावची यात्रा होती. घरोघर पाव्हणे उतरले होते. आदल्या दिवशी सकाळी कुत्र्यांनी एक डायपर ओढत ओढत थेट देवळाच्या पारापर्यंत नेला. मळ्याशेजारचा गेणभाऊ तो काठीच्या टोकावर उचलून हिंग्यांच्या दारात आला. मागं दहा-बारा माणसं आणि पोरंसोरं.

"भरतच्या घरचं हाय ह्ये!" तो ओरडला. "देवाच्या दारात! पाव्हण्यांनी काय समजायचं आमाला?"

निर्मलानं त्याच्या हातातली काठी घेतली आणि गोठ्याकडं चालू लागली. गर्दीत वृषाली होती, वर्गातल्या दोन मुलींबरोबर. ती मुलींचा हात सोडून घरात शिरली आणि यात्रेला गेलीच नाही. जूनमध्ये तिनं स्वतःच आज्जीकडं, आण्याला, शिकायला जाते म्हणून हट्ट धरला. निर्मलानं अडवलं नाही.

भरतची बाज खिडकीशी होती. त्यानं शब्द न् शब्द ऐकला होता.

वैशाखात त्याला पुन्हा ताप चढू लागला. सिस्टरांनी तपासायला बाटलीत घेतलेली लघवी उजेडात धरून बघितली. काळ्या चहासारखी होती. "पाणी देता ना भरपूर?"

"उशाला तांब्या भरून ठेवते. दिवसात तीनदा रिकामा व्हतो," निर्मला म्हणाली. तिला ते तसंच दिसत होतं.

दोन दिवसांनी ती खिडकीखाली पडलेली काटकी उचलायला वाकली. सगळं अंगण उन्हानं भाजून पांढरं पडलं होतं आणि खिडकीखाली मात्र हातभर रुंदीचा हिरवागार हराळीचा पट्टा. मातीत बोट घातलं तर ओल लागली. तांब्या कुठं रिकामा होत होता ते तिला कळलं. ती आत आली.

"पाणी पीत न्हाई तुमी."

भरत भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"कधीपासनं?"

"यात्रेपासनं." तो भिंतीकडं बघतच बोलला. "पेलो की व्हतं. व्हतं त्ये तू काढतीस. मग कुत्री त्ये गावाला दाखवत फिरत्यात. न्हाई पेलो तर कुणाचं काय बिघडतं?"

"मराल अशानं."

"मग मरंन. लवकर मरंन."

साळुबाई चुलीपाशी होती. तिच्या हातातली उलथनी थांबली. निर्मला रडली नाही, भांडलीही नाही. फडताळातून तिनं नवा कोरा डायपर आणि ब्लेड आणलं आणि बाजेशेजारी जमिनीवर बसून तो उभा चिरला. वरचं पातळ कापड बाजूला केलं. आत कापसासारखा लगदा, लगद्यात साखरेसारखे दाणे. तिनं त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. दाणे साबुदाण्यासारखे फुगले. बाहेरचं प्लास्टिक तिनं ताणून बघितलं. एक थेंब बाहेर येत नव्हता.

"काय करतीस?" भरतनं मान वळवून विचारलं.

"बघते. ज्यानं तुमी मराया निघालाय, त्ये हाय तरी काय म्हणून."

बराच वेळ तो वरून बघत राहिला. मग हात लांब केला. "इकडं आण." ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या जसा चिमटीत धरून चोळायचा तसं त्यानं ते प्लास्टिक दोन अंगठ्यांत चोळलं. "ह्ये समदीकडनं बंद हाय," तो म्हणाला. "बराखीला दोन्ही अंगानं वारा लागतो म्हणून कांदा टिकतो. गाडीवर ताडपत्री चारी बाजूनं आवळून बांधली, तर दोन दिसांत कांदा वल सोडतो आन् सडतो. मी सडलो त्यो असाच."

"मग कसं पायजे?"

"खाली ताडपत्री. बाजूला वारा."

पडल्यापासून तो धंद्याचं बोलला, ते त्या दिवशी पहिल्यांदा. निर्मलानं तांब्या उचलून त्याच्या तोंडाला लावला. "पिऊन बोला," ती म्हणाली. त्यानं दोन घोट घेतले.

सुरुवातीला काही जमलं नाही. ताडपत्रीचाच तुकडा लावला तो खरबरीत, मांड्यांच्या आतून कातडी सोलवटली. साळुबाई वस्तीवर फिरून मोडक्या छत्र्या मागून घेऊन आली. विचारणाऱ्यांना तिनं सांगितलं, कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायच्यात. छत्रीचं काळं कापड मऊ होतं, पण टाक्याच्या भोकातून पाझरायचं. भरत म्हणाला, "शिवणीला मेण चोळ. गरम वाटीनं दाब." तसं केल्यावर पाझर थांबला.

आतल्या घड्या साळुबाईनं शिवल्या. धोतराची जुनी पानं एकावर एक ठेवून तिनं वाकळेसारखे दाट टाके घातले. ओल ती भरपूर प्यायची, पण वाळायला दोन दिवस लागायचे आणि वर भरतच्या कुल्ल्यांवर टाक्यांच्या लाल रेघा उमटायच्या. सिस्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी बोटानं जागा दाखवून सांगितलं, "हाडाखाली कुठंही शिवण येऊ देऊ नका. गाठ तर नकोच नको."

साळुबाई चिडली. "टाके न्हाईत तर घड्या जागच्या हलणार न्हाईत व्हय?"

निर्मला तीन दिवस विचार करत होती. तिला आपल्या आईचं धुणं आठवलं. आण्यात पाणी कमी म्हणून आई जाड कपडा धुवायच्या आधी त्याची शिवण उसवायची. सुटं कापड थोड्या पाण्यात निघतं आणि लगेच वाळतं. निर्मलानं साळुबाईचे टाके उसवले. एकच लांब पट्टा घेतला, त्याच्या घड्या केल्या आणि त्या नुसत्या एका कडेला धावदोऱ्यानं पकडल्या. धुताना त्या पुस्तकाच्या पानांसारख्या सुट्या व्हायच्या. पहिलं पाणी उकिरड्यावर, मग सोडा घालून उकळायचं, मग दोन बादल्यांत खळबळायचं. चांगल्या उन्हात दुपारपर्यंत कडकडीत वाळायचं. ही घडी छत्रीच्या कापडाच्या झोळीत बसायची. झोळीच्या दोन्ही बाजूंना साधं सुती कापड, कमरेला नाडी, आणि नाडीची गाठ पुढून, म्हणजे भरत कुशीवर झोपला तरी ती रुतायची नाही. त्याला उचलावं लागायचं नाही. कुशीवर केलं, अर्धी खाली सारली, परत फिरवलं, बांधली.

या वस्तूला नाव काय द्यायचं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. भरत सकाळी हाक मारायचा, "निर्मले, बदली कर." त्यातून घरात तिला बदलीच म्हणू लागले.

सुरुवातीला बदल्या गोठ्यामागं वाळायच्या. त्यांवर लुगडं टाकून झाकायचं. श्रावणाच्या उघडिपीत एके दिवशी भरत म्हणाला, "तिथं दुपारी सावली येती. पुढच्या दोरीवर टाक."

"लोक बघतील."

"बघू दे. वाळली तर पायजे."

त्या दिवसापासून तो पाणी मागून प्यायला लागला. जखम भरत आली. पूर्ण कधीच भरली नाही. मध्यभागी हरभऱ्याएवढं भोक राहिलंच, आणि निर्मला रोज त्यात पट्टीची वात घालायची.

त्या दिवाळीनंतर दारात एक माणूस येऊन नुसताच उभा राहिला. डोक्याला पागोटं, हातात काठी. दादाभाऊ त्याचं नाव. आण्याच्या बाजूचा धनगर. मेंढरं कमी करून आता जमीन कसणारा. त्याची आई बानूबाई खुब्यातून मोडली होती आणि अंथरुणाला खिळली होती.

"वैनी, त्ये… सिस्टर म्हनल्या… तुमच्यात कायतरी शिवत्यात…"

आतून भरतचा आवाज आला. "या पावणं, आत या. लाजताय काय? मी घालतो त्येच न्यायला आलाय न्हवं?"

दादाभाऊ आत आला, बाजेपाशी बसला आणि तासभर बोलत राहिला. म्हातारी जाड का बारीक, कुठल्या कुशीला जास्त झोपते, रात्रीतून कितीदा ओलं होतं, हे भरत विचारत गेला आणि छातीवर फळी ठेवून खडूनं नमुन्याच्या कापडावर रेघा मारत गेला. कात्री त्यानंच चालवली. त्याच्या हाताला पुन्हा काम लागलेलं निर्मला दारातून बघत होती. तिला बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण बरं वाटण्याची सवय तिची मोडली होती.

मग सिस्टर आणखी लोक पाठवू लागल्या. येणारा अंधार पडताना यायचा, पिशवी बगलेत मारून घाईनं जायचा. बाजारात भेटला तर ओळख दाखवायचा नाही. कुणी जुनी धोतरं द्यायचं, कुणी पायलीभर बाजरी, कुणी काहीच नाही. भरत म्हणायचा, "न्हाई दिली ओळख तर न्हाई. म्हातारी कोरडी हाय ना त्यांची?"

आधीचा पावसाळा अधूनमधून उघडीप मिळाली म्हणून निभावला, आणि असा दोन हजार पाचचा पावसाळा आला. जुलैच्या शेवटाला पाऊस लागला तो दिवस-दिवस थांबेना. ऊन नावालाही नाही. अंगणातली दोरी काढली, घरात बांधली. बदल्या चुलीवर वाळत घातल्या तर धुराचा वास लागायचा आणि हाताला कोरड्या वाटायच्या, पण घडीच्या आत गारवा राहायचा. निर्मला कोळशाची इस्त्री फिरवायची, तव्यावर कापड शेकायची. रात्ररात्र हेच. झोळ्यांना बुरशीचे ठिपके आले.

"निर्मले," साळुबाई म्हणाली, "दुकानातलं आण. चार दिसाचा परश्न हाय."

"मी कोरडं करते, आत्या."

"त्येच्या पाठीला वास येतुया."

"करते म्हणलं ना."

तो डायपर दारात काठीवर टांगून आणलेला तिनं पाहिला होता. तिच्यासाठी ती नुसती वस्तू राहिली नव्हती. एवढ्या कष्टानं जे घराबाहेर काढलं ते चार सरींसाठी परत घरात घ्यायचं, हे तिच्या मनाला मान्य होईना. आणखी एक दिवस, आणखी एक दिवस असं करत तिनं आठवडा काढला. भरतनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मग एका सकाळी पट्टी काढताना जखमेची कड तिच्या बोटाखाली सरकली आणि आत पांढरं हाड दिसलं.

ती तशीच निघाली. ओढ्याला छातीइतकं पाणी, एसटी बंद. कालव्याच्या भरावावरून चालत ती मंचरला पोचली आणि पाकीट पदराखाली धरून परत आली. भरतनं त्या पाकिटाकडं बघितलं आणि म्हणाला, "आणलंस ना? मग घाल. तोंड असं करू नगंस."

दुसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. गेणभाऊनं आपली जीप काढली. हो, त्याच गेणभाऊनं. भरतला उचलताना खांद्याकडून त्यानं धरलं होतं. पुण्यात पाच-सहा दिवस काढून भरत गेला.

डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, जखमेचं विष रक्तात भिनलं होतं, आणि किडन्या आधीपासूनच खराब होत्या. कधीतरी पाणी फार कमी पडलं असावं.

"मग जखमेनं गेले का किडनीनं?" निर्मलानं विचारलं.

"दोन्हीनं," ते म्हणाले.

तिला एकच उत्तर हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

तेराव्यानंतर तिनं उरलेल्या बदल्या, मेण, छत्र्यांची कापडं, सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. मंचरचं शेड भाड्यानं दिलं. साळुबाई तिच्याशी बोलायची ते जेव म्हणून, दार लाव म्हणून. पावसातल्या त्या आठवड्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. निर्मलाला वाटायचं, एकदा बोलून टाकावं, शिव्या द्याव्यात. साळुबाई वाकळ शिवत बसायची, मान वर करायची नाही.

थंडीत दादाभाऊ आला. बानूबाईच्या बदल्या विरल्या होत्या.

"मी बंद केलं," निर्मला म्हणाली. "लोकांना दुसरीकडं पाठवा म्हणून सिस्टरांना सांगितलंय."

"दुसरीकडं कुठं हाय?" दादाभाऊ ओट्यावर बसला. "आईची पाठ अजून साबूत हाय, वैनी."

निर्मलानं विचारलं, "पावसात काय केलंत तुमी? आमच्यात वाळत न्हवतं."

"आमच्यात तरी कुठं वाळतंय? पावसात पंधरा दिस दुकानातलं आणलं. ऊन पडलं की पुन्यांदा तुमचं." तो हे अगदी सहज बोलला, पावसात मेंढरं आत घेतली असं सांगावं तसं. "वापरल्यालं खोल गाडलं आन् वर दगड रचलं. कुत्री काय करत्यात?"

एवढं सोपं होतं. मेंढ्यांमागं फिरणाऱ्या माणसाला पहिल्याच झडीत सुचलं होतं, आणि तिला, जिनं ती वस्तू टाक्या-टाक्यानं ओळखली होती, सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं असंही नाही. साळुबाईनं सांगितलं होतं.

दादाभाऊला तिनं रिकाम्या हातानं पाठवलं. पण आठ दिवसांनी पोतं खाली काढलं. भरतनं बानूबाईच्या नमुन्याच्या कापडावर खडूनं मारलेल्या रेघा तशाच होत्या. त्यांवरूनच तिनं कापड बेतलं. रेघ पुसू नये म्हणून नव्हे, तर बानूबाईचं माप तिला दुसरं ठाऊक नव्हतं म्हणून.

त्यानंतर तिनं जे काही शिवलं, ते देताना ती प्रत्येकाला आधी पावसाचं सांगू लागली. झड लागली की ह्ये घालायचं न्हाई. आत बोट घालून बघायचं, गार लागलं तर ठेवून द्यायचं. दुकानातलं आणायचं, लाजायचं न्हाई, कमरेइतका खड्डा घ्यायचा, वर दगड. काही लोक म्हणायचे, ह्या बाई आपल्याच मालाची बदनामी करतात. तिनं पावसाळ्यासाठी घड्या कमी केलेली पातळ बदलीही करून बघितली. ती लवकर वाळायची, पण लवकर भरायचीही. तिच्यानं तो प्रश्न सुटला नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात साळुबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. अंथरूण ओलं झालं तेव्हा निर्मला नवी बदली घेऊन आली. साळुबाईनं डाव्या हातानं लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला.

"न… नगं."

"नवी हाय, आत्या. त्यांची न्हाई. तुमच्या मापानं शिवलीय."

मूठ सुटेना. साळुबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वाकड्या तोंडातून शब्द एकेक करून निघत होते.

"तवा… ऐकलं… न्हाईस."

तीन वर्षं दोघी ज्या घरात राहिल्या, त्या घरात हे वाक्य शेवटी बाहेर आलं. निर्मला बाजेच्या कडेला बसली. वाद घालावा असं त्यात काही नव्हतं.

"न्हाई ऐकलं," ती म्हणाली.

साळुबाई तिच्याकडं बघत राहिली. अंथरुणाची ओल पसरत होती. मग निर्मलानं ती मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट सैल केलं, सासूला कुशीवर केलं, अर्धी खाली सारली, परत फिरवलं आणि गाठ पुढून बांधली. साळुबाईनं डोळे मिटून घेतले होते.

ती पुढं सव्वा वर्ष होती. त्यातले पावसाळ्याचे दिवस दुकानातल्या डायपरवर गेले. ती घरातच, तिच्या बाजेवर गेली. शेवटची आंघोळ घालायला आलेल्या बाया म्हणाल्या, एवढे दिवस पडून होती पण पाठीला डाग नाही. निर्मलानं ते ऐकलं आणि त्याच पाण्यात हात धुतले.

शेड आता तिनं परत घेतलंय. भरतचं जड मशीन विकून हलकं घेतलं. बाजारच्या दिवशी शेडाबाहेर ट्रकांची तीच रांग असते, आणि तिला ती बघवत नाही, म्हणून ती रस्त्याकडं पाठ करून बसते. वृषाली पुण्यात नोकरीला आहे. सणाला येते. आई काय शिवते असं कुणी विचारलं तर गाद्या-उशा असं सांगते. निर्मलाला ते कळलंय.

परवा भीमाशंकरच्या बाजूनं एक बाई आली होती. वीस वर्षांचा पोरगा, मोटारसायकलवरून पडलेला. निर्मलानं बदली कशी घालायची ते उशीवर करून दाखवलं, धुण्याचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं. पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"ताई, ह्यानं बरा व्हईल का वो त्यो?"

"न्हाई," निर्मला म्हणाली. "कोरडा ऱ्हाईल."

बाई तिथंच उभी राहिली. निर्मलानं उठून तिला बसायला पोतं अंथरलं.